उडालेला बल्ब आणि सासूबाईंचा मुक्काम

बायको गेली त्याला वर्ष होईल. रडून झालंय, म्हणून हसण्यासारखं लिहितो. शाळा चार यत्ता. चुकलं तर सोडून द्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागला आमची एक खोली, खोलीत एकच बल्ब. सासूबाई कोकणातून बोटीने पहिल्यांदाच मुंबईला यायच्या होत्या. ‘आमच्याकडे विजेचा दिवा आहे,’ असं बायकोने मुद्दाम पत्रात लिहवून घेतलं होतं. त्यांच्या गावात वीज नव्हती. आणि नेमका त्या यायच्या त्याच दिवशी दुपारी बल्ब उडाला. त्यात हरताळ. ‘दुकानं बंद करा’ म्हणून सकाळी मीच ओरडत फिरलो होतो.

“आता जा, तुम्हीच बंद केलेलं दुकान उघडून आणा,” बायको म्हणाली.

उडालेले बल्ब ती टाकत नसे, एका डब्यात ठेवायची. सदऱ्याचं कोपर रफू करताना आत बल्ब घालायची. मी भंगारवाली म्हणून हिणवायचो. तिने डब्यातला एक काढून दारातल्या उजेडात धरला. आतली तुटकी तार लोंबत होती. बल्ब हळूहळू फिरवत तिने ती दुसऱ्या टोकावर नेऊन अडकवली.

“श्वास घेऊ नका.”

मी स्टुलावर चढून अलगद बसवला. बटण दाबलं, तार चिकटली, आणि नव्यापेक्षा लख्ख उजेड!

तेवढ्यात वरच्या खोलीत मसाला कुटायला सुरुवात. बल्ब थरथरला. मी धावत वर.

“काकू, मुसळ थांबवा!”

“का रे, कोण मेलं?”

“सासू येतेय.”

“मग जोरात कुटते की!”

थांबल्या मात्र.

संध्याकाळी सासूबाईंनी उंबऱ्यातूनच दिव्याला हात जोडले. “गो चेडवा, ह्यो रोज असोच पेटता?”

“रोज,” बायकोने पापणी हलवली नाही.

विझवला तर पुन्हा पेटेल याचा भरवसा नव्हता. एरवी वीज वाचवायला गॅलरीच्या उजेडात तांदूळ निवडणारी बाई, तिने तो तीन दिवस विझवू दिला नाही. दुकानं उघडल्यावर नवा आणतो म्हटलं तर म्हणाली, “पेटतोय तो काढून? डोकं फिरलंय?”

चौथ्या दिवशी आम्ही सासूबाईंना धक्क्यावर सोडलं. बोटीवर चढता चढताच त्या शेजारच्या एका प्रवासी बाईला सांगत होत्या, “माझ्या चेडवाकडे दिवसाय दिवो पेटता!”

घरी येऊन बायकोने बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. बल्ब पेटला नाही. ती तिथेच फतकल मारून पोट धरून हसायला लागली. मी ओरडणार होतो. तिचं हसणं बघून मीही खाली बसलो.