दहा मिनिटांची सवड

कीटकनाशकं तपासणाऱ्या खात्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या निरीक्षकांना बाजारात सगळे सीलसाहेब म्हणत. कायद्याने त्यांना औषधांच्या कुठल्याही दुकानात शिरता येई, गोदाम उघडायला लावता येई, माल जप्त करता येई. नमुना घेतला की त्याचे तीन भाग आणि तिन्हींवर लाखेची मोहोर. "साखरेच्या डब्याला तेवढी लावायची राहिलीय," बायको म्हणायची. लाच नाही, दुकानातला चहासुद्धा नाही. माणूस धुतल्या तांदळासारखा.

पण त्यांची एक रीत होती. तपासणीला निघाले की ते दुकानदाराला फोन करत, "दहा मिनिटांत पोचतोय, गिऱ्हाईक मोकळं करा." चारचौघांत कुणाची लाज जाऊ नये, एवढाच हेतू. या मोठेपणावर ते मनातून खूश असत. तेवढ्यात मागच्या दाराने काय काय जात असेल, हा विचार त्यांना कधी शिवलाच नाही, असं मला वाटत नाही. शिवला असणार, आणि त्यांनी तो झटकला असणार.

एका सकाळी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. फळबागेत फवारणी करणारा मजूर बेशुद्ध होता. सोबत आणलेली बाटली रिकामी, धुतलेली. आणि लक्षणं लेबलाशी जुळत नव्हती. "त्याच्या बायकोने दुकान सांगितलंय, तिथे पिंपातून सुटं भरून देतात म्हणे. पिंपावरचं खरं नाव मिळालं तर उपचार नेमके करता येतील. लवकर बघा."

सीलसाहेब जीपमध्ये बसले. गाडी चौकात वळली आणि त्यांच्या हाताने सवयीने फोन काढून नंबर लावला. "दहा मिनिटांत पोचतोय..." वाक्य अर्ध्यात तोडून त्यांनी फोन बंद केला, पण कळवायचं ते कळवून झालं होतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीची फरशी नुकतीच पुसलेली, भिंतीलगत पिंपाचा गोल डाग. पिंप नव्हतं.

"माणूस मरतोय," सीलसाहेब म्हणाले. "नुसतं नाव सांगा. मी काही लिहिणार नाही." एकोणतीस वर्षांत असं ते कुणाला बोलले नव्हते.

"कसलं पिंप, साहेब? मला काही ठाऊक नाही," दुकानदार हात जोडून म्हणाला.

त्यांनी दुकानाला सील ठोकलं. त्याचा मजुराला काडीचा उपयोग नव्हता. दुपारी चार वाजता तो गेला. नाव कळूनही वाचलाच असता असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सीलसाहेबांनी ते स्वतःला समजावून पाहिलं, पटलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर मजुराची बायको बसली होती. "तुम्ही आमच्यासाठी धावलात, साहेब."

गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. "ताई, पोचायच्या आधी मी दुकानदाराला फोन केला होता," ते म्हणाले. "त्याने पिंप हलवलं."

"फोन कशाला केलात?"

"सवय. सगळ्यांनाच करतो."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"त्यांना आधी कळवत होतात," ती म्हणाली. "आम्हाला कोण कळवणार होतं?"

सीलसाहेब तिच्या शेजारी बसले. पंचनाम्याचा कोरा कागद त्यांनी मांडीवर घेतला आणि पहिल्याच ओळीत स्वतःच्या फोनची वेळ लिहिली.