एक्केचाळीस कोऱ्या सह्या

लहानू रामटेके यांनी अडतीस वर्षं चेकबोडी आणि आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांवर टपाल वाटलं. तेवढ्या वर्षांत एकही रजिस्ट्री त्यांनी समोर सही घेतल्याशिवाय कोणाच्या हातात दिली नाही. सरपंच बैलबंडीतून ओरडायचा, "ठेवून द्या ना लहानूभाऊ, सही मागून करतो," तर हा माणूस सायकल उभी करून खिशातलं पेन पुढे धरायचा. गावाने त्यांची पुष्कळ टिंगल केली. अशा माणसाने पुढे कोऱ्या पंचनाम्यांवर सह्या कराव्यात, एकदोन नाही, चांगल्या एक्केचाळीस, हे ऐकून कोणाचंही डोकं फिरेल. त्यांचं स्वतःचं तर अजून फिरलेलंच आहे.

सुरुवात मात्र चांगल्या हेतूने झाली होती. रानडुकरांनी धानाच्या बांध्या उकरून ठेवायच्या आणि लोकांनी चिडून शेताभोवती विजेची उघडी तार सोडायची, असा त्या भागात रिवाजच पडला होता. त्या तारेला चिकटून डुक्कर मरे, कधी बिबट मरे, आणि एका सकाळी शेजारचा प्रफुल मेला. चोवीस वर्षांचा पोरगा. तार सोडली होती त्याच्या सख्ख्या काकाने. लहानूभाऊंनी चौघांबरोबर त्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, आणि काहीही झालं तरी ही तार गावातून गेली पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्याच सुमारास धनराजने 'रानमित्र मंडळ' काढलं. धनराजचं हायवेवर लॉज होतं. वाघ पाहायला येणारे नागपूर-पुण्याचे पाहुणे तिथे उतरत. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेतकऱ्याने तार लावायची नाही. मंडळ त्याचा अर्ज लिहून देईल, वन खात्याकडून डुक्कर मारायची परवानगी आणेल, परवान्याची बंदूक असलेला माणूस डुक्कर मारेल, आणि वनरक्षक व दोन पंचांसमोर ते पुरून पंचनामा होईल. सगळी सेवा, सगळी कायद्यात. लहानूभाऊ पहिल्याच बैठकीला सभासद झाले. धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधाबांधाने फिरून, हातापाया पडून त्यांनी लोकांच्या तारा काढवल्या. दोन वर्षांत चेकबोडीच्या शिवारात एकही तार उरली नाही. हे मंडळाचं काम खरंच होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त झोंबणारं आहे.

आता त्या सह्यांचं. डुक्कर पडायचं सकाळी सकाळी, आणि त्या वेळी पंच कोणी धानाच्या रोवणीत, कोणी बाजाराच्या गाडीत. दर वेळी माणसं कुठून गोळा करणार? म्हणून महिन्याच्या बैठकीत चहा झाला की पंचनाम्याचे कोरे फॉर्म फिरायचे. प्रत्येकाने दोन-तीनांवर सही ठोकायची. मंडळात त्याला 'आगाऊ सह्या' म्हणत, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट ज्याच्या सह्या जास्त, त्याची सेवा मोठी. लहानूभाऊंच्या सहीला तर विशेष मान होता. "रामटेके पंच म्हटलं का साहेब कागद वाचतच नाई," असं धनराज चारचौघांत सांगायचा, आणि भाऊंना ते गोड वाटायचं. अडतीस वर्षांची अक्कल त्या एका गोड वाक्यात बुडाली.

मागच्या वैशाखात आवळटोल्याची रिना आत्राम त्यांच्या दारात आली. हातात कागदाची घडी होती. तिच्या नवऱ्याला, कोलूला, चार दिवसांपूर्वी वन खात्याने चितळाच्या शिकारीत धरून नेलं होतं. ही बातमी गावभर झाली होती, आणि खोटं कशाला बोला, लहानूभाऊंनीही ती ऐकून मान हलवली होती. आदिवासी माणूस, खाल्लं असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

रिना बसली नाही. तिने कागद पुढे केला.

"भाऊ, तुमी आमच्या घरी कधी आल्ते?"

"मी? मी नाई आलो बाई."

"मंग यात काऊन लिवलं हाये?"

त्यांनी चष्मा लावला. वकिलाने काढलेली पंचनाम्याची नक्कल होती. अमुक तारखेला सकाळी सात वाजता कोलू आत्राम याच्या घराची झडती घेतली असता चुलीमागे चितळाचं मांस व कातडं मिळून आलं, शिकार आपणच केल्याचं त्याने पंचांसमक्ष कबूल केलं. खाली पंच क्रमांक एक. स्वच्छ, टपालखात्यातली, वळणदार सही. त्या तारखेला सकाळी सात वाजता लहानूभाऊ नातीच्या कॉलेजच्या कामासाठी चंद्रपूरच्या एस्टीत बसले होते.

"सही तं तुमचीच हाये ना?" रिनाने विचारलं.

भाऊ "हो" म्हणाले. रिनाने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, नीट घडी केली आणि निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते पुढे म्हणत.

खरा प्रकार त्यांना लच्छूकडून कळला. लच्छू हा मंडळाचा हाकारा, झुडपांतून जनावर उठवणारा. आधी तो टाळाटाळ करत होता. भाऊ त्याच्या अंगणातून हलेनात तेव्हा बोलला. शिकारीच्या सकाळी परवानगी डुकराची होती, पण लॉजवरच्या एका पाहुण्याला हौस आली. बंदूक धनराजच्या साळ्याची, प्रवीणची. त्याने ती पाहुण्याच्या हातात दिली आणि पाहुण्याने चितळ पाडलं. सोलायला नेहमीसारखं कोलूला बोलावलं. जनावर सोलणाऱ्याला मुंडी, एक पाय आणि कातडं द्यायचं, अशी तिकडची जुनी रीत. तसा त्याचा वाटा त्याला दिला. बाकी सगळं लॉजवर गेलं. पुढे दोनच दिवसांत पाहुण्यांपैकी कोणाच्या तरी मोबाईलमधून शिजवण्याचा व्हिडिओ बाहेर पडला. आता कोणीतरी शिकारी सापडणं भाग होतं. तो कोणाच्या घरात सापडेल, हे धनराजला बरोबर ठाऊक होतं.

"अन् डुकरं? जे आपन पुरत होतो?" भाऊंनी विचारलं.

लच्छू हसला. "भाऊ, दोन वर्सांत एक खड्डा खंदला का तुमी? मी तं नाई खंदला."

लहानूभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. तसेच ते लॉजवर गेले. धनराजने खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लहानूभाऊ, तुमचं मन मोठं हाये. पन इचार करा. हे बाहेर गेलं तं मंडळ बुडते. मंडळ बुडालं का लोक परत तारा लावते. मंग पुढचा प्रफुल कोन, ते तुमीच सांगा."

हा घाव त्याने नेमका ठिकाणावर घातला होता. पण भाऊ म्हणाले, "मले मंडळाचं रजिस्टर दाखव. कोन्या दिवशी कोनी काय मारलं, कुठी पुरलं."

"रजिस्टर अध्यक्षाकडं राह्यते."

"अध्यक्ष तूच ना?"

"देखरेख समितीकडं अर्ज करा मंग."

देखरेख समितीचा प्रमुख होता प्रवीण. अर्ज लिहिणारा धनराज, बंदूक त्याच्या साळ्याची, पंच त्यांनीच नेमलेले, मांस त्यांच्याच लॉजवर, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला पुन्हा तोच साळा! दोन वर्षं हे सगळं समोर होतं आणि आपण चहा पीत बसलो, याची भाऊंना एवढी चीड आली की पाण्याचा ग्लास त्यांनी तसाच आपटला.

धनराजचा आवाज बदलला. "संस्था आमची खाजगी हाये. अन् एक ध्यानात ठेवा, खोट्या पंचनाम्यावर सही माझी नाई, तुमची हाये. जेलात कोन जाईल?"

वन खात्याच्या साहेबांनीही तेच सांगितलं, फक्त जरा मऊ शब्दांत. "तुम्ही म्हणता हजर नव्हतो, तुमची सही म्हणते हजर होतो. मी कोणाचं मानू? पुरावा आणा." आणि त्यांनी पुढची फाईल ओढली.

पुरावा मंडळाच्या कपाटात नव्हता, हे भाऊंना दोन दिवसांनी सुचलं. मंडळ खाजगी असेल, पण प्रत्येक पंचनामा जाऊन पडतो तो सरकारी कचेरीत. त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केला. दोन वर्षांत मंडळामार्फत झालेले सगळे पंचनामे, नकलांसकट. अर्ज रजिस्ट्रीने पाठवला आणि पावती जपून ठेवली. तीस दिवस लागले. ते तीस दिवस कोलू चंद्रपूरच्या तुरुंगात होता, आणि रिना एकटीच तेंदूपानं तोडायला जात होती.

त्रेसष्ट पंचनामे आले. एक्केचाळीसांवर त्यांची सही होती. भाऊ दिवसभर ते कागद घेऊन ओसरीत बसले. बायको सुगंधाबाई म्हणाली, "आता फाडाल का काय?" ते म्हणाले, "नाई. गावासमोर वाचीन."

"आधी कोनाचे वाचाल?"

"माहेच."

ग्रामसभा भरली. धनराज पुढच्या खुर्चीवर, शेजारी प्रवीण. भाऊ उभे राहिले. आवाज टपाल पुकारायचा होता, चांगला खणखणीत. "हा पंचनामा बारा जुलैचा. डुक्कर पुरलं, पंच लहानू रामटेके. मी तिथी नव्हतो. मी कोऱ्या कागदावर सही केली होती. मी खोटा पंच हावो." दुसरा. तिसरा. एक्केचाळीस वेळा त्यांनी हेच म्हटलं. आधी लोक हसले, मग कुजबुजू लागले.

मग दुसऱ्यांच्या सह्या आल्या. "आठ मे, पंच मंजुषा मडावी." मंजुषा ताडकन उठली. "आठ मेच्या दिवशी तं मी नागभीडले होती, पोरीच्या बाळंतपनाले!" आणखी एक जण उठला, तो त्या दिवशी सासऱ्याच्या तेरवीत होता. आणि मग भाऊ एका कागदावर अडखळले. त्यांनी तो दोनदा वाचला. "एकवीस मे. पंच झिंगू बोरकुटे."

झिंगू त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता. त्याची बायको बायकांत बसली होती. ती उठून म्हणाली, "माहा मानूस मेल्यावरबी तुमच्या डुकरं पुराले येत होता का?"

मग जे काही झालं ते सांगत बसत नाही. धनराज निघून गेला एवढं खरं. ग्रामसभेने ठराव केला की इथून पुढे परवानगी मागायची ती ग्रामसभेनेच, ज्याची बंदूक त्याच्या घरचा पंच चालणार नाही, आणि प्रत्येक पंचनामा चावडीत मोठ्याने वाचायचा. पण सगळं गाव काही भाऊंच्या बाजूचं झालं नाही. पुष्कळांना राग आला तो त्यांचाच. चांगलं चाललं होतं, म्हाताऱ्याने विस्कटलं, म्हणाले. एकाने तर त्याच आठवड्यात धुऱ्यावर पुन्हा तार सोडली. भाऊ गेले, प्रफुलच्या आईला सोबत नेलं, आणि ती तार निघेपर्यंत दोघं त्या धुऱ्यावर बसून राहिली.

कोलूच्या वकिलाने भाऊंना बजावलं होतं की झडतीला हजर नव्हतो असं प्रतिज्ञापत्र दिलं तर तुमच्यावरही खटला होईल. त्यांनी दिलं. खटला झाला, अजून चालू आहे. पेन्शनीत सुखाने बसायच्या वयात हा माणूस तारखांना जातो, आणि ज्याने बंदूक पाहुण्याच्या हातात दिली तो प्रवीण मोकळा फिरतो. याची चीड येणार नाही तर कशाची येणार?

कोलूला मात्र जामीन मिळाला. जामीनदार हवा होता. भाऊ आपला दोन एकरांचा सातबारा घेऊन कोर्टात गेले. कोलूला पोलिसांनी तारखेला आणलं होतं. दाढी वाढलेली, अंगावर मळकट सदरा. भाऊ त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "माह्यानं चूक झाली, कोलू."

कारकुनाने कागद पुढे सरकवले. एक मुचलका कोलूचा, एक हमीपत्र भाऊंचं. बोटाने जागा दाखवली. "इथे, इथे आणि इथे. लवकर करा, साहेब उठतील."

कोलूने पेन घेतलं नाही.

"आंदी वाचून दाखवा भाऊ," तो म्हणाला.

कारकून वैतागला. "अरे, छापील असतं ते, सगळ्यांचं सारखंच!"

कोलू जागचा हलला नाही. लहानूभाऊंनी चष्मा लावला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्याने वाचायला सुरुवात केली. मागे रांग खोळंबली. तिसऱ्या कलमाशी कोलूने त्यांना थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी पुन्हा वाचलं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर कोलूने सावकाश एकेक अक्षर काढत आपलं नाव लिहिलं. मग हमीपत्र भाऊंच्या हातात दिलं.

"आता तुमचंबी वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं. मी आयकून राह्यलो."