भिगवणची भरती

आमच्या भिगवणच्या मानसिंग आबांना समुद्राचा भारी राग. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, पण त्यामुळं काही अडत नव्हतं.

दर थंडीत आमच्या शाळेची सहल त्यांच्या नावेतून निघायची. उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की रोहित पक्षी उतरतात. आबा मुलांना गप्प बसवायचे आणि स्वतःच मोठमोठ्यानं माहिती सांगून पक्षी उडवून लावायचे. घर मूळचं मेंढपाळांचं. धरणात कुरणं बुडाली, मेंढरं विकली आणि आबा पोरवयातच वल्ह्यावर बसले. या पाण्याला कुणी नावं ठेवली की भांडायला उठत. नात स्वराली नावेच्या टोकाला बसायची. आजा नाव चालवतो याचा तिला केवढा तोरा!

यंदा मी सहल कोकणात न्यायची ठरवली. किनाऱ्यावरचे जीव मुलांनी पुस्तकाबाहेर बघावेत, एवढाच माझा हेतू. आबा तरातरा शाळेत आले.

"बाई, आमच्या पाण्याला काय धाड भरली?"

"आबा, पोरांना जरा भरती-ओहोटी बघू दे की."

"बघा, बघा. तिकडंच ऱ्हावा!"

स्वरालीला बसमध्ये बसवायलाही आले नाहीत.

पोर परतली ती समुद्र डोक्यात घेऊनच. खडकातल्या डबक्यात फूल होतं, बोट लावलं तर मिटलं, ते फूल नव्हतंच, प्राणी होता! दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा होता. आणि वाळूत काठी रोवली, तर डबा खाऊन येईपर्यंत पाण्यात बुडाली. आबा भाकरी मोडत ऐकत होते.

"खारट पाणी. तोंडात तरी घालता येतं का?" एवढंच बोलले. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. म्हातारा जळत होता, आणि ते लपवायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

रविवारी मी त्यांची समजूत काढायला काठावर गेले. स्वरालीनं पाण्याच्या कडेला काठी रोवली होती आणि ती शेजारी बसून होती. पाणी जागचं हलत नव्हतं. आबा नावेतून कधी काठीकडं बघत, कधी नातीकडं. जन्मभर ज्या पाण्याची बाजू घेतली, त्याची आज त्यांना लाज वाटत होती. ऊन कलायला लागलं तशी स्वराली काठी उपटायला उठली.

"थांब की!" आबा ओरडले. नाव काठाशी आणून ते वल्ह्यानं पाणी ढकलायला लागले. धाप लागली तरी थांबेनात. शेवटी एक लाट आली आणि काठीचा बुडखा भिजवून गेली.

"आबा, ही लाट तुमी केली."

"मग? तिकडली कोण करतं?"

"चंद्र. बाईंनी सांगितलंय."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू चंद्र मीच टांगला होता.

"चंद्र काय तुझा आजा हाय व्हय?" ते म्हणाले.

स्वरालीनं काठी उपटली आणि चार बोटं मागं, कोरड्या मातीत रोवली.

"आता हितवर आणा," ती म्हणाली.

आबांनी बाह्या वर सारल्या.