मोहाच्या राखणीचा जबाब

आज जे लिहितो आहे ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. वरिष्ठांना नाही, बायकोलाही नाही. एका शाळेच्या तपासात मी एका म्हातारीचा जबाब नोंदवला, त्यावर तिचा अंगठा घेतला आणि चार दिवसांनी तो कागद फाडला. पुढे मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत चांगली होती.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात ठाणेदार होतो. तिथली माझी मुदत संपून वर सहा महिने झाले होते आणि बदलीचा अर्ज वरिष्ठांकडे पडून होता. मुलगा बारावीला, बायको गोंदियात एकटी. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग रस्त्यावरची गस्त, यात माझं लक्ष फक्त त्या अर्जाकडे असे.

खबर ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर मिळाली. खबर देणारा शाळांना बूट, दप्तरं पुरवणारा गोंदियाचा माणूस. म्हणाला, "साब, एक केस देता हूँ, एकदम तैयार. तिकडं जंगलातल्या एका शाळेत गरीब पोरांसाठी जादा पैसा आला. बुटांचं बिल लागलं. जाऊन पाहा, एका पोराच्या पायात बूट असेल तर माझं नाव बदला."

खबर देणाऱ्याचा फायदा आधी पाहावा, असं मी नव्या शिपायांना सांगत असे. या माणसाकडून बूट घ्यायला त्या शाळेच्या मुख्याध्यापकानं नकार दिला होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी निघालो.

शाळा लहान, पाचवीपर्यंत. जंगलात राबणाऱ्या घरांतली मुलं, निम्मी घरी गोंडी बोलणारी. मार्च संपत आला होता, सकाळची शाळा होती आणि वर्ग भरलेले होते. दोन पंच बरोबर घेतले, मुलांना मैदानात रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या पायांचा पंचनामा केला. अनवाणी, अनवाणी, चप्पल, अनवाणी. शिपाई लिहीत होता. तिसरीतली एक मुलगी डाव्या पायावर उजवा पाय ठेवून उभी होती. मी तिला विचारलं, "बूट काऊन नाही घातले?"

"नाही ना भेटले."

"मग गुरुजीनं काय दिलं?"

तिनं थोडा विचार केला. "आजी दिली. आजी बसते झाडाखाली, मी शाळेत."

मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी ते लिहूनही घेतलं नाही.

पंचायत समितीकडून रीतसर तक्रार आली. अपहार आणि खोटा दस्तऐवज, असा गुन्हा नोंदवला. मुख्याध्यापकाला, त्यांना सगळे गुरुजीच म्हणत, चौकशीला बोलावलं. शिकलेल्या माणसाला ओरडावं लागत नाही. त्याला सकाळपासून बाकावर बसवून ठेवायचं आणि काहीच विचारायचं नाही. येणारेजाणारे बघतात, ओळखीचे नमस्कार करायचं टाळतात. दुपारपर्यंत माणूस स्वतःच बोलायला लागतो. गुरुजीही बोलले.

"बूट घेतलेच नाही साहेब. देवरीच्या दुकानातून कोरं बिल आणलं. तेवढं माझं चुकलं."

"पैसे?"

"राखणीला दिले."

"कशाच्या?"

"मोहाच्या."

ठाण्यात हशा पिकला; आम्हा पोलिसांना मोह म्हटलं की दारूच आठवे. एक शिपाई म्हणाला, "गुरुजी, भट्टी बी तुमचीच काय मंग?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती विकून घरं चालतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आईबाप एका झाडाखाली वेचत असतात तोवर दुसऱ्या झाडाखाली लहान पोर राखण बसतं, नाहीतर गुरं फुलं खातात किंवा दुसरा कोणी उचलून नेतो. नेमकी तेव्हाच सकाळची शाळा. दरवर्षी महिना-दीड महिना वर्ग रिकामे पडत, आणि मग मागं पडलेली मुलं पुढच्या वर्षी येतच नसत. म्हणून त्यांनी गावातल्या तीन म्हाताऱ्या मजुरीनं झाडाखाली बसवल्या. पोरं शाळेत आली.

"पण पैसा बूट-दप्तराचा होता ना?"

"मी दोनदा वर लिहून विचारलं, राखणीची मजुरी देता येते का म्हणून. उत्तर नाही आलं. मोह थांबते काय साहेब उत्तरासाठी?"

दुसऱ्या दिवशी त्या तिघींमधली सर्वांत वयस्कर बाई स्वतःहून ठाण्यात आली. आठ-नऊ किलोमीटर चालत. ती गोंडीत बोलली, आमच्या जुन्या हवालदारांनी मराठीत सांगितलं, मी लिहिलं. मजुरी मिळाली. हंगामभर बसलो. ज्याचा मोह त्याला दिला. पोरं रोज शाळेत गेली, कोणती पोरं तेही तिनं झाडागणिक सांगितलं. गुरुजीनं स्वतःसाठी काही ठेवलं नाही. अंगठा उमटवल्यावर तिनं हवालदारांना काही विचारलं.

"काय म्हणते?" मी म्हटलं.

"म्हणते, आता गुरुजीले सोडान ना?"

"बघतो म्हणा."

तो जबाब दोषारोपपत्राला लागला असता तर खोट्या बिलाचा दोष राहिला असता, पण अपहार उभा राहिला नसता. आणि तोवर पेपरात बातमी आली होती, गरीब मुलांचे बूट खाणारा गुरुजी, सोबत माझा फोटो. जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवर शाबासकी दिली आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या अर्जाचं बघतो." चौथ्या दिवशी मी तो कागद फाडला आणि म्हातारी ठाण्यात आल्याची नोंद कुठंच ठेवली नाही.

हवालदार समोर उभे होते. म्हणाले, "साहेब, अंगठा घेतला हाय तिचा."

मी म्हटलं, "तुमच्या पेन्शनला किती दिवस राहिले?"

ते बाहेर गेले. माझी बदली महिन्याभरात झाली.

पुढच्या वर्षी निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी पुन्हा त्या भागात गेलो. दिवस मोहाचेच. शाळेत नवे मुख्याध्यापक होते, त्यांनी मला कौतुकानं बुटांच्या वाटपाचे फोटो दाखवले. कागद चोख होते. वर्गात सात मुलं होती. परतताना रस्त्याकडेच्या झाडाखाली पंचनाम्यातली ती मुलगी दिसली. पायात काळे नवे बूट, हातात गुरं हाकायची काडी. मी गाडी थांबवली.

"शाळेत नाही गेली?"

"मोह कोण राखते मंग?"

तिनं मला ओळखलं नाही. तेवढंच माझं नशीब.

नोकरीत एक गोष्ट मी उशिरा शिकलो. कागद खरा आणि काम खोटं, असले गुन्हे आमच्या हाती क्वचित लागतात. काम खरं आणि कागद खोटा, असा माणूस मात्र लगेच सापडतो, कारण तो काही लपवत नाही. मी त्यालाच पकडलं आणि त्याबद्दल शाबासकी घेतली.

गुरुजी अजून निलंबित आहेत. नवेगाव बांधजवळ भावाच्या धानात राबतात. मागच्या तारखेला मी दुसऱ्या एका जुन्या खटल्यासाठी गेलो होतो, तेव्हा ते कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले. उठून उभे राहिले.

"तब्येत बरी साहेब?"

"बरी आहे."

"एक विचारू का? आजीचा जबाब तुम्ही घेतला होता ना? वकील म्हणते, कागदात सापडून नाही राहिला. आजी तर वारली मागच्या साली."

मी म्हटलं, "पाहावं लागेल."

त्यांनी मान डोलावली. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास आहे, हे मला त्या मान डोलावण्यातून कळलं, आणि मी तिथून निघून आलो. साक्षीचं समन्स त्याआधी दोनदा आलं होतं, दोन्ही वेळा मी डॉक्टरचा दाखला पाठवला होता.

पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगण्याचं देणं मी गुरुजींना लागतो, की म्हाताऱ्या बाईचा जबाब होता, तो त्यांच्या बाजूचा होता आणि तो मी फाडला. ते मी अजून सांगितलेलं नाही.