प्रेमानंदचा गुलाबी अंगठा

औंढ्यात नागनाथाच्या देवळाकडे जाताना प्रसादाच्या दुकानांची रांग संपते, तिथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला चिकटून दीक्षाचं पार्लर. मधली भिंत पत्र्याची, तीही फटींची. त्यामुळे कुठल्या बाईच्या भुवया कधी झाल्या आणि त्या होत असताना तिने कुणाकुणाला नावं ठेवली, हे मला माझ्या बायकोच्याही आधी कळतं.

दीक्षाने गेल्या दिवाळीत जेलची नखं सुरू केली. नखावर जेलचे थर द्यायचे, हात छोट्या दिव्याखाली धरायचा, की रंग काचेसारखा घट्ट. दोन-तीन आठवडे हलत नाही म्हणतात. पण दीक्षा कामात महासंशयी. स्वतःच्या कंगव्यावरही तिचा विश्वास नाही. गिऱ्हाइकाआधी कुणाच्या तरी हातावर करून बघायचं, म्हणून तिने कोमलला बोलावलं. कोमल शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची, एका डब्यातली. "माझा हात तुझाच समज," कोमल म्हणाली, तेव्हा पत्र्याच्या अलीकडे मीसुद्धा गहिवरलो होतो.

पण कोमलची नखं टिकेनात. आठवडा भरायच्या आत ती दारात हजर. "दीक्षे, बघ. दोन निघाली, तिसरं हलून राहिलं."

मग दीक्षाचा तपास सुरू झाला. जेल मुळाशी कातडीवर चढलं असेल, म्हणून कातडी मागे सारून पुन्हा केलं. गेलं. नखाला तेलकटपणा असेल, म्हणून घासून, स्पिरिटने पुसून केलं. तेही गेलं. थर जाड होऊन आत कच्चा राहत असेल, म्हणून पातळ थर दिले, नखाच्या टोकावरून ब्रश वळवला, अंगठा तिरपा पडतो म्हणून तो दिव्याखाली वेगळा धरला. सगळं गेलं. रंग लोकांना दिसावेत म्हणून बाटल्या दर्शनी काचेत मांडल्या होत्या. उन्हाने जेल बाटलीतच घट्ट होतं हे कळल्यावर त्या कपाटात गेल्या, आणि काचेत दीक्षाने हौसेने लावलेला प्रेमानंदचा शाळेच्या गणवेशातला फोटो तेवढा उरला.

प्रेमानंद म्हणजे दीक्षाचा नवरा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शेवटी दिव्यावरच संशय आला. आमच्याकडे दुपारी वीज अशी येते, की चालू पंख्याची पाती मोजता येतात. दिवा तपासायला दुसरा हात हवा होता. नेमका तेव्हाच हा बिचारा डबा न्यायला आला.

"अहो, अंगठा द्या."

"काहून? कशावर उठवायचाय?"

"दिव्याखाली धरायचाय. गप बसा."

तीच बाटली, तोच दिवा, शेजारच्या खुर्चीत कोमल. प्रेमानंद बाहेर पडला तो गुलाबी अंगठा खिशात घालून. नंतर त्यावर चिंधी बांधली, ती घरीही सोडली नाही, आणि गावभर सांगितलं, की मोटारीच्या पंख्याने कापलं. लोकांनी हळद लावायचे सल्ले दिले. एकाने तर जखम बघायचा हट्टच धरला. त्याला चहा पाजून कटवावं लागलं.

कोमलची नखं चार दिवसांत पुन्हा निघाली. ती नवीन करून घ्यायला बसली असताना जिवनबाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"दीक्षा, नवरीची अन् करवल्यांची नखं तूच करायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत टिकायला पायजेत."

याच कामाची दीक्षा वाट बघत होती. असं एक लग्न पार पडलं असतं, तर तालुक्यातल्या नवऱ्या तिच्या दारात आल्या असत्या. तिने कोमलच्या हाताकडे पाहिलं.

"मावशी, माझं काम अजून कच्चं हाय. नवरीचं नख ऐन लग्नात गळालं तर तुमचीच शोभा. तुमी हिंगोलीला करा."

जिवनबाई गेल्या. कोमलने चहा संपवला आणि म्हणाली, "या बारीला जांभळा लाव."

पुढच्याच आठवड्यात प्रेमानंद चिंधी सोडत आला. "काढ बाई हे. जखम अजून कशी भरली न्हाई, इचारून राहिले लोक." दीक्षाने अंगठा उजेडात धरला. ऑइल, पेट्रोल, वार्निश, पान्याचे ठोके, सगळं सोसून गुलाबी रंग जसाच्या तसा होता. फक्त मुळाशी नख वाढल्याची बारीक कोर दिसत होती.

इतक्यात कोमल आली. दीक्षाने तिचा हात हातात घेतला. नखांवर पांढरे, खरखरीत चट्टे होते.

"आपणहून सुटलं की खालचं नख गुळगुळीत राहतं, कोमल. हे ओढून काढलंय. पापुद्र्यासकट."



"एकच रंग किती दिवस बघायचा गं?" कोमल हसायला गेली. "अन् तू पुन्हा करून देतच होतीस. पयल्यांदा एकच काढलं होतं."

"जिवनमावशी आल्या तवा तू हितंच होतीस."

"व्हय."

"तवा तरी बोलली काहून न्हाईस?"

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. एरवी अशा वेळी मी खोकतो, दोन बायकांना शेजारधर्माची आठवण करून देतो. त्या दिवशी खोकला आला नाही. सगळ्या गल्लीने दीक्षाला 'तुझ्या हातालाच ते काम जमत नाही' म्हटलं होतं. त्यात मीही होतो.

दीक्षा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कोमलच्या एकेका नखाला तेल चोळलं, अगदी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला चोळतात तसं.

"नखं पातळ झालीत. महिनाभर काही लावू नको."

"मग येऊ?"

"मग हिंगोलीला जा."

कोमल गेली. प्रेमानंद मघापासून कोपऱ्यात अंगठा वर धरून उभा होता. "काढतीस ना?" त्याने हळूच विचारलं.

दीक्षाने तेलाचे हात पुसले. "राहू द्या. माझ्याकडं दुसरा हात न्हाई आता."

प्रेमानंदने चिंधीकडे पाहिलं, ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जेवणाचा डबा उचलून उघड्या गुलाबी अंगठ्यानेच भर बाजारातून निघाला.