भिवाच्या पिकअपला कॉम्प्युटर

कुणी येऊन तुम्हाला म्हणालं, "गाडी जुनी झाली, हिला आता कॉम्प्युटर बसवा," तर तुम्ही आधी संशय कुणावर घ्याल? खरं सांगा. मी विकणाऱ्यावर घेतला. सवयच आहे तशी. पंधरा वर्षं मी पिकअपवाल्यांच्या संघटनेचं काम करतोय. कॉलेज पाहिलं नाही, पण मोटार कायद्याचं पुस्तक रद्दीतून उचलून पाठ केलंय. या चाकण पट्ट्यात कुणी गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप खिशावर जातो.

गोष्ट माझी नाही, भिवा सोनकांबळेची आहे.

भिवा उदगीरकडचा. महाळुंग्याच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होता, कंत्राटी. बरीच वर्षं काढली आणि एक दिवस कंत्राटच संपलं. बरोबरीच्या लोकांनी मिळालेल्या पैशात गावी पत्रे टाकले. भिवाने जुनी डिझेल पिकअप घेतली. आज ती गाडी सोळा वर्षांची आहे. काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम', सीटवर बायकोने, सोजरबाईंनी, जुन्या लुगड्यांची शिवलेली खोळ. सकाळी बॉनेट उघडून, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाशी धरायची, हा त्याचा नेम. पिकअप स्टँडवरचे लोक चिडवतात, "भिवादादा, पेशंट वाचंल का?"

"तुझ्यापेक्षा जास्त जगंल," भिवा कान न हलवता म्हणतो.

रोज भोसरीहून पत्र्याचे प्रेस केलेले पार्ट भरायचे आणि सकाळी साडेसातच्या आत महाळुंग्यात कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं, हे त्याचं काम. एकदा उशीर झाला तर बोलणी बसतात. दुसऱ्यांदा झाला तर फेरी दुसऱ्याला जाते.

यंदा दिवाळीनंतर गाडी धूर ओकायला लागली. मोशीत इंद्रायणीचा पूल ओलांडून चढ लागला की मागे काळा पडदा. दुचाकीवाले पुढे येऊन शिव्या देऊन जायचे. मेकॅनिकने डिझेलचा पंप काढून तपासून आणला, नोझल बदलले. फरक शून्य. आणि आरटीओचं वर्षाचं पासिंग आलं होतं पुढच्या गुरुवारी. धुरात गाडी नापास झाली की गेटवर घेणार नाहीत, आणि ही फेरी सोडली तर भिवाकडे दुसरं काम नाही.

अशा वेळी रविराज भेटला. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला. बापाच्या वावरात आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि पोराने हायवेला दुकान टाकलंय. काळी काच, एसी, लॅपटॉप. गाडीला छोट्या कॉम्प्युटरचा खोका लावून इंजिन 'ट्यून' करून देतो. स्टँडवरच्या विक्कीच्या पिकअपला त्यानेच खोका लावलेला. मी मुद्दाम त्या गाडीत बसून मोशीचा चढ चढलो. भरलेली गाडी तिसऱ्या गियरात सरळ वर गेली. मला फार वाईट वाटलं. फसवणूक असती तर सोपं गेलं असतं.

शनिवारी भिवा आणि मी दुकानात गेलो. रविराजने बॉनेट उघडलं, फिल्टरच्या डब्यापासून पंपापर्यंत सगळं उघडून, बॅटरी मारून बराच वेळ वाकून पाहिलं, हात पुसले.

"दादा, तुमच्या गाडीला डोकंच न्हाई. किती डिझेल टाकायचं ते ह्यो पंपच ठरवतो. आपन पंप काढू, नवा बसवू, सेन्सर लावू, वर आपला कॉम्प्युटर. तीन दिवस गाडी सोडा."

मी म्हटलं, "विक्कीला नुसता खोका लावलास. इथं पंप कशाला काढायचा?"

"विक्कीची गाडी चार वर्षांची हाय, साहेब. तिच्यात कंपनीचाच कॉम्प्युटर हाय. आपला खोका त्याला फक्त चार गोष्टी शिकवतो. हितं शिकवायचं कुनाला? सगळंच नवं आनावं लागतंय."

उत्तर बरोबर होतं. त्यामुळे मी आणखी सावध झालो.

"काढलेल्या पंपाचं काय?"

"त्यो ठेवून काय करता? मी घेतो की भंगारात."

"नुकता तपासून आणलेला पंप भंगारात? वा रे! आणि इंजिनात एवढा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. आहे कागद?"

"कोन बघतंय, साहेब?"

"मी बघतोय!" म्हणत मी टेबलावर हात आपटला. त्याचा चहाचा कप उडाला. "गुरुवारी पासिंगला आरटीओचा साहेब बॉनेट उघडणार आहे. हे काय, म्हणाला तर भिवाने काय सांगायचं? डोकं बसवलंय म्हणून? चल रे भिवा."

भिवा हलला नाही. खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमी भांडून घरी जाताव. गेटवर मला थांबावं लागतंय." मग रविराजकडे वळला, "सोमवारची फेरी टाकून गाडी आणून लावतो."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. रात्रभर एकच विचार. हा पोरगा खरा असेल तर माझा संशय फुकट. खोटा असेल तर भिवाचा चांगला पंप गेला, पासिंग गेलं, आणि परतीची वाटही नाही, कारण जुनं परत बसवायला जुनं राहणारच नाही.

रविवारी सकाळी मी मोशीत भिवाच्या खोलीवर गेलो, त्याला वळवायला. तो पायरीवर दाढी करत होता. गाडी समोर उभी, सोमवारचा माल कालच भरलेला. सोजरबाई नळावर धुणं आपटत होत्या. त्यातून डांबरासारखं काळं पाणी वाहत होतं.

"काय धुताय, वहिनी?"

"तुमचंच की, भाऊजी. तुमच्या मोहिमेचं कापड."

हे कापड काय ते सांगतो. पेंट शॉपमध्ये रंगावर धुळीचा कण बसू नये म्हणून हवा जाड पांढऱ्या कापडातून गाळतात. त्याचे टाकाऊ तुकडे कारखाना फेकून देतो. नऊ वर्षांपूर्वी भिवाने त्यातला एक तुकडा गाडीच्या एअर फिल्टरवर गुंडाळला, आपल्या रस्त्याची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून. मला ती युक्ती इतकी आवडली की मी स्टँडवरच्या चाळीसेक गाड्यांना कापड वाटलं. बोर्ड लावला, 'धूळ अडवा, इंजिन वाचवा'. रस्त्यावर पाणी मारा म्हणून अर्ज करून थकलो होतो. म्हटलं, निदान इंजिनं तरी वाचवू. तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी गाडी उभी करायची, कापड काढून धुवायचं आणि सोमवारी पहाटे परत गुंडाळायचं, असा रिवाजच पडला. मेकॅनिकही आमच्यातलेच. कापड दिसलं तरी कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

सोजरबाईंनी ते पिळलं. एकात एक दोन कापडं निघाली.

"दोन?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून दोन गुंडाळायलेत. रस्ता खणलाय ना, धूळ लई झाली म्हणले." त्यांनी कापड दोरीवर टाकलं. "मी तवाच सांगितले होते ह्यांना. घर झाडताना ह्यातलंच एक कापड दोन घड्या करून तोंडाला बांधले मी. दम कोंडला, चक्कर यायली. काढून फेकले. म्हणले, अवं, माणसाला श्वास घेता येईना, गाडी कशी घेत आसंल? तर म्हणतेत, तुला इंजिनातलं काय कळतंय?"

भिवाचा वस्तरा गालावर थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोरीवरच्या कापडाकडे, मग गाडीकडे. धूर कधी सुरू झाला? दिवाळीनंतर. दुसरं कापड कधी चढलं? दसऱ्याला.

अर्ध्या गालाला साबण तसाच. भिवाने चावी घेतली. कापड दोरीवर, म्हणजे गाडीत नुसता फिल्टर. नऊ वर्षांत रविवारी गाडी कधी रस्त्यावर आलीच नव्हती, म्हणून हे कुणाला कळलंच नव्हतं. आम्ही पूल ओलांडून चढाला लागलो. मी खिडकीतून अर्धा बाहेर, नजर सायलेन्सरवर. चढाच्या पायथ्याशी एक भपका सुटला. मग धूर विरळ झाला. मग दिसेना. गाडी तिसऱ्यात होती.

वर जाऊन भिवाने गाडी बाजूला घेतली. स्क्रू ड्रायव्हर काढला, इंजिनाला लावला, बराच वेळ ऐकत राहिला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"शिव्या द्यायली," भिवा म्हणाला. "भाऊ, मीच हिचं नाक दाबलो की. इतकी वर्षं एका हातानं, औंदा दोन हातानं."

पहिला हात तर मीच चाळीस गाड्यांवर ठेवला होता.

सोमवारी भिवाने नवा फिल्टर टाकला, गाडी रविराजकडे नेलीच नाही. गुरुवारी पासिंग झालं. साहेबाने बॉनेट उघडलं, पाहिलं, झाकलं. शुक्रवारी साडेसातला भिवा गेटवर होता.

मी मात्र रविराजच्या दुकानात गेलो. एकच विचारलं, "शनिवारी तू बॅटरी मारून एवढं पाहिलंस. कापड दिसलं होतं का?"

"दिसलं होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेब, त्या कापडाच्या बोर्डावर तुमचा फोटो हाय. म्हटलं, सावकाश सांगू. तेवढ्यात तुमी टेबल बडवलं. मग कोन सांगतंय?"

तो हसत होता. खरं बोलत होता की पंपासाठी गप्प बसला आणि आता सावरून घेत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय गेलेला नाही. पण टेबल मी बडवलं होतं, हे खरंच आहे.

बोर्ड मी उतरवला. स्टँडवर फिरून सांगतोय, तर लोक मलाच ऐकवतात, "काय राव, तुमीच दिलं आन् तुमीच काढा म्हणता? कुणाचं खाल्लं?" मीच शिकवलेला संशय आता माझ्यावर उलटतोय. बारा जणांनी काढलं. बाकीचे हसतात. त्यातल्या दोघांनी पंप काढायला रविराजकडे नाव लावलंय.

म्हणून हे लिहितोय. तुमची गाडी आमच्या स्टँडवरची असेल, किंवा तुमचा भाऊ, मेहुणा, शेजारी जुनी पिकअप चालवत असेल, तर कॉम्प्युटरचं नंतर ठरवा. आज त्या गाडीचं बॉनेट उघडा, फिल्टरचा डबा काढा आणि आत मी दिलेलं कापड असेल तर ते काढून टाका.