दीपमालाचे मोडीचे शनिवार

दीपमालाला आजही स्वतःच्या ज्या चुकीची शिसारी येते ती एवढीच, की तिने कंपनीच्या फॉर्मात खरं लिहिलं.

मूळची यवतमाळची, वाघोलीत भाड्याने राहणारी आणि बारा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी ही बाई. दर एप्रिलला अप्रेझलचा फॉर्म यायचा. त्यात एक रकाना असायचा, 'वैयक्तिक विकासाचं ध्येय'. शहाणी माणसं तिथे 'टाइम मॅनेजमेंट' लिहून मोकळी होतात. हिने लिहिलं, 'मोडी लिपी शिकते आहे.'

आणि शिकत होतीच. दर शनिवारी सकाळी दहाला, सदाशिव पेठेत पद्मजाबाईंच्या घरी. बाई सरकारी दफ्तरखान्यातून निवृत्त झालेल्या. दारावर पाटी, 'दहानंतर बेल वाजवू नये.' लागोपाठ तीन शनिवार चुकले की नाव कमी. का चुकले, ते कोणी सांगायचं नाही आणि बाई विचारायच्या नाहीत. सतरंजीवर बसून आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली होता होईतो टाक न उचलता अक्षरं काढत जायचं. याचा कशालाच उपयोग नव्हता. कधी संपेल, असंही कोणी विचारत नव्हतं. त्या दोन तासांच्या जोरावर दीपमाला उरलेला आठवडा ढकलायची.

तिचा मॅनेजर अभिनव फॉर्म वाचून हरखला. "वॉव, मोडी! बिझनेसला याचा काय उपयोग, ते पण एका ओळीत टाक ना."

एचआरच्या उत्कर्षाने तर कहर केला. लिफ्टशेजारी दीपमालाचा हसरा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'समतोलाची मानकरी'. मग समतोलाची कार्यशाळा ठरली. चार शनिवार, सकाळी नऊ ते अकरा, सगळ्यांना सक्तीची. स्वतःसाठी वेळ कसा काढावा, यावर दीपमालाने बोलायचं.

"अगं, पण शनिवारी दहाला माझा तोच क्लास असतो."

"सो स्वीट! पण हे तुझ्याच ग्रोथसाठी आहे ना," उत्कर्षा म्हणाली.

पहिल्या दोन शनिवारी दीपमाला बोलली. समोरची माणसं टेबलाखाली लॅपटॉप उघडून कामं उरकत होती. मग सगळ्यांनी गोल उभं राहून मोठमोठ्याने हसायचं. त्या हुकमी हसण्याचा तिला उबग आला, आणि त्यात आपलाही आवाज ऐकून तर जास्तच. काऊन लिहिलं मी ते, असं ती घरी जाऊन आरशाला विचारायची.

तिसऱ्या शनिवारी ती भर हसण्यातून उठली आणि रिक्षा केली. पेठेत पोचेपर्यंत दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ती दाराबाहेर पायरीवर बसून राहिली. बारा वाजता दार उघडलं.

"पाटी वाचता येते ना तुम्हाला?" पद्मजाबाई म्हणाल्या.

"येते. म्हणून तर बेल वाजवली नाही."

बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाव कमी झालंय. जूनला नवी तुकडी आहे. पहिल्या रेघेपासून."

"येते," दीपमाला म्हणाली.

जूनला ती खरोखर पहिल्या रेघेपासून बसली. ऑफिसात कोणाला पत्ता लागू दिला नाही. शनिवारी कोणी फोन केला, की गावाकडे असल्याचं खुशाल ठोकून द्यायची.

पुढच्या एप्रिलला त्या रकान्यात तिने लिहिलं, 'टाइम मॅनेजमेंट'.

"आणि मोडीचं काय झालं?" अभिनवने विचारलं.

"सोडलं."

"बरं केलंस. आता खरी ग्रोथ दिसतेय," असं म्हणून त्याने तिला त्या वर्षीचा सगळ्यात वरचा शेरा दिला.

लिफ्टशेजारचा फोटो कोणी काढलेला नाही. तो चेहरा बघवत नाही म्हणून दीपमाला रोज चार मजले जिन्याने चढते.